भिंतीच्या विटा

१० मार्च

घर पाहावं बांधून, म्हणतात. तर पाहतोच. आजपासून ही डायरी घराची.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझं आयुष्य गेलं. चिठ्ठीशिवाय एक नट माझ्या खिडकीतून बाहेर गेला नाही; साहेबलोकही मला मागून 'कुलूप' म्हणायचे. मागच्या महिन्यात रिटायर झालो, बल्लारपूरचं क्वार्टर रिकामं करून दिलं आणि आज दुपारी टेम्पोत संसार टाकून मोहबोडीला, आमच्या गावी, आलो. वडिलांच्या जागेतला माझा अर्धा हिस्सा इथे पडून आहे. पडून म्हणजे, त्यात भाऊने वांगी लावली आहेत. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ गोविंदा. आम्ही जातीचे ढिवर, म्हणजे मासेमार; तो गावच्या तलावात मासे धरतो, थोडं धान पिकवतो.

पियुषने, माझ्या मुलाने, नागपूरहून घराचा नकाशा मोबाइलवर पाठवला आहे. चार महिन्यांत काम पूर्ण, पावसाच्या तोंडावर वास्तू. तोवर भाऊच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, राहायचं. हे मला पसंत नाही, लिहून ठेवतो. रुखमाला पसंत आहे. टेम्पो धड थांबायच्या आत ती उतरली आणि कुंता वैनींच्या गळ्यात पडली. दोघी जावा अशा रडल्या की शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

भाऊ सुतळी वळत बसला होता. म्हणाला, "आला?"

"आलो."

कितीतरी वर्षांनी एवढं बोललो.

माझी खाट टाकली ती नेमकी बाबांच्या जाळ्याखाली. सपरीच्या आढ्याला ते गुंडाळून टांगलेलं आहे, शिशाच्या गोळ्या खाली लोंबतात. बाबा गेले तेव्हा मी भाऊला म्हटलं होतं, अर्धं जाळं मला दे. मासे मारायला नव्हे, आठवण म्हणून. तो म्हणाला, "जाळं का भाकर हाय, तोडून देऊ? तुले कारखान्यात काय कराचं त्याचं?" मी पुढच्या गाडीने परत गेलो. तेव्हापासून लग्न आणि मयत सोडलं तर आमचं येणंजाणं नाही. मीही बाबांचाच मुलगा होतो, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

१५ मार्च

मिस्त्री ठरवला. नाव भूपेश. हात चांगला आहे असं सगळे सांगतात. जीभ त्याहून चांगली आहे असं माझं मत झालं.

मी विचारलं, "घर बांधायला किती दिवस लागतील?"

"घर का जी, घर तं तीन महिन्यात होते."

मी खूश. मी तर चार धरले होते.

"फक्त आता मोहफुलाचे दिवस हायेत," तो म्हणाला. "बाया पहाटेच जंगलात जाते. मंग तेंदुपत्ता. मंग रोवना. त्याच्यात काई धरू नोका. मंग धानाची कापनी, मंग मंडई, मंग आमची नाटकं. ते सोडून तीन महिने."

"मग वर्षात उरलं काय?"

"तेच तं सांगून राह्यलो जी. तीन महिने."

२ एप्रिल

पाया अर्धा खणून झाला. काल पलीकडच्या नाल्याजवळ वाघ दिसला म्हणून आज मजूर आले नाहीत.

नकाशा कागदावर छापून आणला. त्यात पियुष एक गोष्ट विसरला होता, ती मी लाल पेन्सिलने काढली. दोन्ही घरांच्या मधोमध भिंत, छातीइतकी उंच. रुखमाने नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हे लाल काय हाय?"

"आवारभिंत."

"वाघासाठी का?"

"वाघासाठी नाही. आपलं ते आपलं, त्यांचं ते त्यांचं. उद्या कटकट नको."

"बरं," ती म्हणाली.

रुखमा इतक्या लवकर 'बरं' कधी म्हणत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज बायकोला माझं म्हणणं पहिल्या झटक्यात पटलं. बरं वाटलं. मग ती वैनींबरोबर मोहफुलं वाळत घालायला गेली आणि दोघी बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. लोणच्याचं असावं, कैऱ्या आल्या आहेत.

९ मे

विटा आल्या. घराच्या विटा एका बाजूला रचल्या, भिंतीच्या विटा दुसऱ्या बाजूला. त्यांच्यावर ताडपत्री घातली, दोरीने बांधली. सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं की या ताडपत्रीखालच्या विटांना कोणी हात लावायचा नाही.

वैनी म्हणाल्या, "हात काऊन लावू भाऊजी, विटा का पेढे हायेत?"

काम मात्र बंद. सगळं गाव तेंदुपत्ता, म्हणजे बिडीची पानं, तोडायला गेलं आहे, भूपेश मिस्त्रीसकट. भाऊ-वैनी गेले आणि त्यांच्यामागे रुखमाही गेली! मी म्हटलं, आपण पेन्शनर माणसं, आपल्याला पत्ता तोडायची काय गरज? तिने ऐकलं नाही. दुपारी परतली ती उन्हाने काळवंडून, डोक्यावर पानांचं गाठोडं. मग सपरीत बसून दोघी जावा पत्त्याचे पुडे बांधत खिदळत होत्या. बल्लारपुरात तिला असं हसताना पाहिल्याचं आठवत नाही. ऊन बाधलं असेल म्हणून कांदा फोडून ठेवला.

मी एकटाच घरी, विटा राखत.

४ जून

जोतं बांधून झालं. मुद्दामच उंच घेतलं, भाऊच्या अंगणापेक्षा चांगलं गुडघाभर वर. पाण्याची भीती नको. शिवाय रस्त्यावरून येणाऱ्याला कळलं पाहिजे की घर कोणाचं.

भाऊ सकाळी तलावावरून आला. खांद्यावर ओलं जाळं होतं, गुडघा धरत चालत होता. तो गुडघा त्याला गेली दोन वर्षं छळतो आहे, वैनी सांगत होत्या. जोत्याकडे पाहून म्हणाला, "इतलं उच्च काऊन?"

"पाण्यासाठी."

"माह्यासारख्यानं चढाचं कसं?"

तू कशाला चढायला येशील, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तो एक मरळ ठेवून गेला. वैनींनी आंबट घालून केली. आईच्या हातची चव. दोनदा भात घेतला.

२५ जून

पाऊस धरला. चार महिने संपत आले आणि माझं घर म्हणजे एक ओलं जोतं.

आज ताडपत्री नीट करायला गेलो तर भिंतीच्या विटांचा ढीग एका कोपऱ्यातून खचलेला. शोध घेतला. वैनींनी धानाच्या ढोलीखाली, म्हणजे कणगीखाली, विटा घातल्या होत्या, ओल येऊ नये म्हणून.

"राहू द्या ना भाऊजी, पावसापुरत्या," त्या म्हणाल्या. "धान सडलं तं तुमीच काय खासान?"

मुद्दा बरोबर होता. स्टोअरमध्येही मालाखाली फळ्या घालतातच. तात्पुरत्या दिल्या म्हणून लिहून ठेवतो.

२१ जुलै

रोवणा, म्हणजे धानाची लावणी. भूपेश मिस्त्रीचा पत्ता लागेना म्हणून चिडून शोधत निघालो, तर तो भाऊच्याच धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा. मला पाहून हातातली रोपांची पेंढी हलवली. "या जी गुनवंतराव, आज इथली भित बांधून राह्यलो!"

भाऊ बांधावर बसून होता, गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं. त्याच्या जागेवर माणूस कमी. काय झालं कोणास ठाऊक, मी पँट वर करून उतरलो. लहानपणी रोवायचो, हात विसरला नव्हता. पण कंबर विसरली होती. रुखमा आणि वैनी पुढच्या ओळीत गाणं म्हणत होत्या आणि मधेच मागे वळून हसत होत्या. भाऊ बांधावरून ओरडला, "अबे गुनवंता, सरळ लाव! ते काय कारखाना हाय का, वाकडंतिकडं चालते म्हनाले?"

कारखान्यात वाकडंतिकडं कधीच चाललं नाही. पण मला राग आला नाही. त्याने 'अबे' म्हटलं होतं. बाबा गेल्यापासून मला कोणी 'अबे' म्हटलेलं नाही.

५ ऑगस्ट

चिखलात घसरून पडलो. लागलं नाही, पण दोघी जावांनी अशी काळजी केली की भाऊचा गुडघा मागे पडला. संध्याकाळी पाहतो तर सपरीपासून विहिरीपर्यंत विटांची सुबक वाट घातलेली. कोणी केलं ते माझ्यासाठीच केलं, हे उघड आहे. बरं वाटलं. मग ध्यानात आलं की विटा कुठल्या. ताडपत्रीखालचा ढीग माझ्या छातीपासून पोटापर्यंत आला आहे.

रुखमा म्हणाली, "मंग काय, पडून हातपाय मोडता का?"

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज एक शहाणपणाचं काम केलं. कारखान्यात आम्ही मालाला खूण करायचो. हिरव्या ऑइलपेंटचा डबा होता, त्यातून भिंतीच्या प्रत्येक विटेवर पट्टा ओढला. आता जाऊ दे कुठे जाते ती वीट, मी ओळखणार.

रुखमाने डबा धरून दिला. चांगली बायको आहे, मदत करते.

१९ ऑक्टोबर

वैनींनी झिंगे वाळवायला नवा ओटा केला आहे. हिरवे पट्टे!

मी विचारलं तर म्हणाल्या, "मले तं रुखमानं देल्ल्या." रुखमाला विचारलं तर म्हणाली, "मले वाटलं बाईनं तुमाले इचारलं असन." (वैनींना ती बाई म्हणते.) भाऊला विचारलं. तो ओट्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "चटनी खाशीन का नाई?"

खाल्ली. वाळल्या झिंग्यांची चटणी आणि गरम भात. माणूस अशा वेळी भांडू शकत नाही.

तरीही लिहून ठेवतो. मी या घरात पाहुणा आहे आणि मला माझं घर, माझी भिंत हवी आहे. चार महिन्यांचे सात झाले. भाऊच्या ताटात जेवायची सवय लागायच्या आत मला इथून निघायचं आहे.

८ नोव्हेंबर

मंडई झाली. दिवाळीनंतरची ही जत्रा मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. घरोघर पाहुणे. आमच्याकडे रुखमाचं माहेर, वैनींचं माहेर, पियुष आणि सूनबाई. आवारात भाताच्या मोठ्या गंजांसाठी चुली मांडल्या, अर्थात हिरव्या पट्ट्यांच्या विटांवर. मी आता विचारणं सोडलं आहे.

नाटकात आमचा भूपेश मिस्त्री खलनायक. काय आवाज! सावकार होऊन विधवेचं घर पाडायला निघाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या देत होत्या. मीही दिल्या, पण माझं कारण वेगळं होतं.

आता बातमी. पडदा जड राहावा म्हणून त्याने त्याला आपला ओळंबा बांधला होता, भिंत सरळ आहे की नाही ते पाहायचा. परवा दुसऱ्या गावच्या खेळात पडद्यासकट तो हरवला. ओळंब्याशिवाय मिस्त्री भिंत उचलायला तयार नाही. आणि चंद्रपूरला जाऊन नवा आणायला त्याला सवड नाही, रोज खेळ आहेत. असा मिस्त्री जगात दुसरा नसेल.

११ नोव्हेंबर

थंडी पडू लागली म्हणून परवाच खाट सपरीतून आतल्या खोलीत घेतली.

आज दुपारभर भाऊ मागच्या आवारात चूल पेटवून बसला होता. वैनींच्या जुन्या लोखंडी पळीत शिसं वितळवत होता. कुठून काढलं देव जाणे. वैनी दाराशी उभ्या होत्या, म्हणाल्या, "पाह्यजा, मंग पस्तावसान." भाऊ म्हणाला, "लटकून लटकून काय कामाचं होतं ते?" मला पाहताच दोघं गप्प झाले. मातीच्या साच्यात शिसं ओतून त्याने गाजराएवढा गोळा केला आणि भूपेशला दिला. "घे, आता नाटक नोको करू. भित उचल."

रिकामा माणूस काही ना काही उद्योग काढतोच. पण ओळंबा झकास झाला, हे मान्य करायला हवं.

१२ डिसेंबर

भिंती उभ्या! भूपेश सकाळी काम करतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी खलनायक होतो. धानाची कापणी झाल्यामुळे मजूरही मिळतात. भाऊ रोज तलावावरून आला की आधी माझ्या जोत्याशी येऊन उभा राहतो. वर चढत नाही, खालूनच ओळंब्याची दोरी पाहतो. एकदा भूपेशला म्हणाला, "तो कोपरा पाह्य बरं पुन्हा." पाहिला. खरोखरच बोटभर बाहेर गेला होता.

घर माझं, पण काळजी त्याला. सवय जात नाही थोरल्यांची.

२० जानेवारी

स्लॅब पडला. अर्धं गाव घमेली घेऊन उभं होतं. वैनींनी आणि रुखमाने सगळ्यांना वडे आणि लाखोळीची डाळ घातली. भाऊ खालून घमेली पुढे देत होता, गुडघा बांधून. मी म्हटलं, बैस तू. म्हणाला, "बाबा असते तं बसले असते का?"

मी टॉवेलने तोंड पुसलं. सिमेंट डोळ्यांत गेलं होतं.

२४ फेब्रुवारी



उकडायला लागलं म्हणून आज खाट पुन्हा सपरीत काढली. आडवा झालो, वर पाहिलं. आढं मोकळं. बाबांचं जाळं नाही.

वैनींना विचारलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "ते... यायलेच इचारा." भाऊ तलावावर. रुखमाला विचारलं, तिलाही माहीत नाही. मागच्या आवारात गेलो तर उकिरड्याच्या कडेला जाळ्याचे जुने दोरे पडलेले, शेवाळी रंगाचे. बाबांनी स्वतः विणलेले. फेकून दिलं त्याने!

मी अर्धं मागितलं तेव्हा तोडून देता येत नव्हतं. आणि आज अख्खं उकिरड्यावर. माझी आठवण नसती ठेवली तरी चाललं असतं, निदान बाबांची तरी ठेवायची. तो आला तेव्हा मी तोंड फिरवून बसलो. जेवलो नाही.

नकाशात लाल भिंत काढली होती ते किती बरोबर होतं, ते आज कळलं.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, भाऊशी बोललो नाही. तोही विचारायला आला नाही. रुखमाला म्हटलं, आपली चूल आजच नव्या घरात पेटव, दारं नसली तरी चालतील. ती म्हणाली, "तुमी पेटवा. मी बाईजोळ जेवतो." आणि गेली.

जाताना दारात थांबली. "काठीनं हानल्यानं पानी तुटत नाई, एवढं तं ढिवराच्या पोराले समजाले पायजे."

भूपेशला बोलावून सांगितलं, दारं-खिडक्या राहू दे, आधी भिंत. ताडपत्री उचलली. खाली विटा किती? एका चुलीपुरत्या. मी म्हटलं, आहेत तेवढ्यांनी सुरुवात कर, बाकीच्या उद्या मागवतो. त्याने डोकं खाजवलं. "पाहू जी."

२ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी मी स्वतः दोन्ही घरांच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. भाऊ त्याच्या अंगणात पाठमोरा बसून नवं जाळं विणत होता. भूपेश आला, रेघेकडे पाहिलं, पिशवीतून ओळंबा काढला. दोरी सोडली. मग पुन्हा गुंडाळली.

"गुनवंतराव, मी हे भित नाई बांधत."

"का? मजुरी जास्त हवी?"

"मजुरीचं नाई जी. दुसरा ओळंबा आना, दुसरा मिस्त्री आना. या ओळंब्यानं हे भित मी नाई बांधत."

"या ओळंब्याला काय झालं?"

त्याने तो माझ्या हातात दिला. जड होता, गार. "तुमच्या बाबाच्या जाळ्याचं शिसं हाय हे. गोविंदाभाऊनं गोयी गोयी काढून वितळवली. मी नोको म्हनलं. ते म्हनले, दोरे तं सडले, जाळं काई कोनाचं राह्यलं नाई. लटकून राहीन त्यापरीस गुनवंताचं घर सरळ उभं करन. तुमाले सांगाचं नाई म्हनले होते."

नाटकात त्याचा आवाज तीन गावांना ऐकू जातो. हे तो अगदी हळू बोलला.

मी ओळंबा हातात घेऊन उभा राहिलो. बाबांच्या जाळ्यातली प्रत्येक गोळी मला माहीत होती. लहानपणी मीच त्या मोजत झोपायचो. माझ्या घराचा एकेक कोपरा त्या गोळ्यांनी सरळ केला आणि मी त्या उकिरड्यात शोधत होतो. भाऊ रोज खाली उभा राहून दोरी का पाहायचा, ते आता कळलं. अर्धं मागितलं होतं मी. त्याने अख्खं दिलं, आणि वर सांगितलंही नाही.

मी रडलो. लिहायला लाज कसली.

भाऊची पाठ माझ्याकडेच होती. तो विणायचा थांबला होता, पण वळला नाही. मी त्याच्याजवळ गेलो. 

"भाऊ, जेवला का?"

"नाई," तो म्हणाला. "तू सहा दिवसांपासून धड जेवून नाई राह्यला, तं मी कसा जेवू?"

वैनी आतून ओरडल्या, "दोघंई या! कवाचं वाढून राह्यली मी!"

३ मार्च

आज कोणाला न बोलावता मी कामाला लागलो. भिंतीच्या विटा एका चुलीपुरत्या उरल्या होत्या. त्या घेतल्या, सिमेंट कालवलं आणि माझं उंच जोतं जिथे भाऊच्या अंगणाकडे तोंड करून आहे तिथे पायरी बांधली. बुटकी, रुंद, म्हाताऱ्या गुडघ्याला चढता येईल अशी. चुन्याची रेघ तिच्याखाली गेली.

स्टोअरकीपरने गवंडीकाम करू नये. भूपेशने येऊन पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. भाऊ काठी टेकत आला. पायरीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला. मग माझ्या जोत्यावर उभा राहून सगळं घर पहिल्यांदा आतून पाहिलं. प्रत्येक कोपऱ्यावर हात फिरवला.

परत उतरताना पायरीकडे वाकून पाहत म्हणाला, "भिती सरळ हायेत. हे वाकडी काऊन?"

"तिला ओळंबा लावला नाही."

"राहू दे मंग," तो म्हणाला आणि तिथेच बसला.

३० मार्च, पाडवा

वास्तू झाली. गुढी एकच उभारली, पायरीजवळ. दोन्ही घरांना पुरली.

भूपेश ओळंबा मागत होता. शाळेमागे कोणाचं तरी घर सुरू होतं आहे. मी म्हटलं, भाऊला विचार. भाऊ म्हणाला, त्याले इचार. भूपेश बिचारा दोनदा पायरी चढला, दोनदा उतरला. शेवटी वैनींनी पिशवीत घालून दिला आणि म्हणाल्या, "घर झालं का आनून देजो. नाटकात नेला तं याद राख."

पियुषने फोनवर विचारलं, "बाबा, शेवटी किती दिवस लागले?" मी म्हटलं, तीन महिने. तो हसायला लागला.

सामान सगळं नव्या घरात लागलं. माझी खाट मात्र भाऊच्या सपरीत राहिली आहे. तिथे वारा चांगला येतो, दुसरं काही कारण नाही.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. एवढी विटांची रास, चुलीपुरती राहीपर्यंत गेली कशी? ढोलीखाली, वाटेत, ओट्यात, चुलीत, सगळीकडच्या धरल्या तरी बऱ्याच कमी पडतात. आज जेवताना रुखमाला पुन्हा विचारलं.

"उंदरानं नेल्या असन," ती म्हणाली.

वैनींना एकदम ठसका लागला. भाऊ ताटात पाहत भात कालवत राहिला. मी उठून वैनींना पाणी आणून दिलं.